झिकोची पेनल्टी अडवणाऱ्या जोएल बात्सला प्रशिक्षक म्हणून मोठा का मानतात?

प्रश्न: फ्रान्सचा जुना गोलकीपर जोएल बात्स याचं नाव गोलकीपर-कोच म्हणून फार आदरानं घेतलं जातं. १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं ब्राझीलला रोखलं हे माहीत आहे. पण मुख्य प्रशिक्षक म्हणून तो दोन-तीन वर्षंच दिसतो, मग मागे सरकलेला. त्याला यशस्वी म्हणायचं की अपयशी? आणि चांगला गोलकीपर आपोआप चांगला गोलकीपर-कोच होतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही, होत नाही. तीन-चार उत्तम गोलकीपर मी असे जवळून पाहिलेत, की आपण बॉल कसा धरतो हे त्यांना सांगताच येत नाही. ‘आला की धरायचा’ याच्या पुढे त्यांची शिकवणी सरकत नाही. त्यांच्या हातांना जे कळतं ते त्यांच्या तोंडापर्यंत कधी आलेलंच नसतं. बात्सचं तसं का झालं नाही, हे सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या संघाकडून बारा वर्षं पोस्टखाली उभा राहिलो, गुडघा गेला, आणि गेली पंचवीस वर्षं पोरांना उभं करतोय. बात्सला मी पहिल्यांदा पाहिलं ते २१ जून १९८६ च्या रात्री. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात तेव्हा भर दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. गल्लीत रंगीत टीव्ही एकच, आणि त्याच्यासमोर दाराबाहेरपर्यंत माणसं. कोल्हापुरात वर्ल्ड कप म्हणजे ब्राझील नाहीतर अर्जेंटिना, तिसरा पक्ष नसतो. आमची गल्ली ब्राझीलची. मी तेरा वर्षांचा, नुकताच गोलकीपर झालेला. म्हणजे मोठ्या पोरांनी पोस्टमध्ये ढकललेला. त्या रात्री मी मनातल्या मनात पक्ष बदलला आणि कुणाला सांगितलं नाही. मार बसला असता.

त्या सामन्याची एक गोष्ट लोक हमखास विसरतात. कारेकानं ब्राझीलला पुढे नेलं, प्लातिनीनं बरोबरी केली. मग उत्तरार्धात ब्राझीलचा दिग्गज झिको बदली म्हणून आला. गुडघ्याच्या दुखापतीतून तो पुरता सावरलेला नव्हता, तरी आल्या-आल्या त्यानं ब्रांकोला असा पास दिला की फ्रान्सचा बचाव उघडा पडला. बात्स पुढे धावला आणि ब्रांकोला पाडून बसला. पेनल्टी. म्हणजे जी पेनल्टी अडवून तो अजरामर झाला, ती त्यानं स्वतःच ओढवून घेतलेली होती. थोड्याच वेळापूर्वी चूक केलेला माणूस रेषेवर उभा आहे आणि समोर झिको आहे. नियमाप्रमाणे तेव्हा किक बसेपर्यंत गोलकीपरनं पाय हलवायचे नसत. रेषेवर डावी-उजवीकडे सरकण्याची मोकळीक १९९७ मध्ये मिळाली. (पाळायचं कोण, हा भाग वेगळा.) झिकोनं मारली, बात्सनं झेपावून परतवली.

जादा वेळेतही १-१ राहिलं आणि टायब्रेकर आला. ब्राझीलच्या सोक्रेटिसची पहिलीच किक बात्सनं अडवली. पुढे प्लातिनीनं आपली बारच्या वरून घालवली, त्याच्या एकतिसाव्या वाढदिवशी. ब्राझीलच्या जुलियो सेझारची पोस्टला लागली आणि लुई फर्नांडेसनं शेवटची मारून फ्रान्सला ४-३ नं जिंकून दिलं. झिकोनं टायब्रेकरमधली स्वतःची किक आत मारली होती, हे आणखी एक विसरलं जाणारं. मधे बेलोनची किक पोस्टवर आपटून ब्राझीलचा गोलकीपर कार्लोस याच्या पाठीला लागली आणि आत गेली. रेफरीनं गोल दिला. बिचाऱ्या कार्लोसनं सगळं बरोबर केलं होतं. ज्या बाजूला झेप घ्यायची त्याच बाजूला घेतली होती.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला तिच्या पुढचे चार दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. २५ जून, तेच ग्वादालाहारा, तेच हालिस्को स्टेडियम, समोर पश्चिम जर्मनी. सामना सुरू होऊन नऊ मिनिटं झाली होती. बॉक्सबाहेरून फ्री किक, आंद्रेयास ब्रेमेनं डाव्या पायानं जमिनीलगत मारलेला फटका. जोरदार होता, पण तो अडवण्याजोगा होता. बात्स वेळेत खाली गेला, बॉल त्याच्या अंगाखाली आला आणि अंगाखालूनच आत गेला. फ्रान्स २-० नं हरला. दुसरा गोल फोलरनं अगदी शेवटी केला, तेव्हा सगळा संघ बरोबरीसाठी पुढे गेलेला होता, त्यामुळे तो मी हिशेबात धरत नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बेल्जियमविरुद्ध पोस्टमध्ये आल्बेर रुस्त उभा होता.

आता हे दृश्य दोन वर्षं मागे नेऊन ठेवा. २७ जून १९८४, पॅरिसमधलं पार्क दे प्रँस, युरोपियन चॅम्पियनशिपची फायनल, फ्रान्स विरुद्ध स्पेन. प्लातिनीची फ्री किक. स्पेनचा कर्णधार आणि गोलकीपर आर्कोनादा बॉलवर बरोबर पडला, बॉल त्याच्या अंगाखाली सापडला असं सगळ्यांना वाटलं, आणि तो घरंगळत रेषेपार गेला. फ्रान्स २-० नं जिंकला, त्याचा पहिला मोठा किताब. त्या रात्री समोरच्या पोस्टमध्ये उभं राहून हे सगळं पाहणारा माणूस म्हणजे जोएल बात्स. एका गोलकीपरच्या अंगाखालून गेलेल्या बॉलनं त्याला किताब दिला आणि दोन वर्षांनी त्याच्या स्वतःच्या अंगाखालून गेलेल्या बॉलनं फायनल हुकवली. स्पेनमध्ये आजही गोलकीपरच्या अंगाखालून बॉल गेला की आर्कोनादाचं नाव निघतं. चाळीस वर्षं झाली. तो आपल्या काळातल्या युरोपच्या उत्तम गोलकीपरांपैकी एक होता, पण आठवण उरली ती तेवढ्या एका बॉलची. बात्सचं मात्र उलट झालं. त्याच्या नावाला झिको चिकटला, ब्रेमे चिकटला नाही. यात न्याय शोधू नका, नाही सापडायचा.

तांत्रिक बाजूनं एक सांगतो, कारण हा प्रश्न मला पालकही विचारतात: ‘एवढा मोठा गोलकीपर, आणि सोपा बॉल कसा सुटतो?’ जमिनीलगतच्या बॉलसाठी खाली जाताना बॉलच्या बाजूचा पाय आधी मोकळा करावा लागतो, म्हणजे अंग आडवं, बॉलच्या मागे पडतं आणि हात पुढे राहतात. वजन टाचेवर असेल तर पाय उशिरा सुटतो. अंग आडवं होण्याऐवजी वरून खाली बसतं, बॉलवर कोसळतं. मग हात आणि छाती यांच्या मधे एक खिडकी राहते. बॉल ओला असो, उसळी घेवो किंवा ऐनवेळी थोडा वळो, तो त्या खिडकीतून निघून जातो. हे अर्ध्या सेकंदात होतं आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा हातात नसतं, बॉल मारला जाण्याआधीच्या पावलात असतं. बाहेरून बघणाऱ्याला हात दिसतात, कोचनं पाय बघायचे असतात.

आता थोडी पार्श्वभूमी. बात्सचा जन्म १९५७ चा, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या माँ-द-मार्साँचा. व्यावसायिक खेळाची सुरुवात सोशोमध्ये, १९८० पासून ओसेरमध्ये. ओसेर हे छोटं गाव, आणि तिथला प्रशिक्षक गी रू म्हणजे फ्रेंच फुटबॉलमधलं एक प्रकरणच. त्यानं स्थानिक पातळीवरच्या क्लबला नुकतंच पहिल्या डिव्हिजनमध्ये आणून बसवलं होतं. तिथे १९८२ मध्ये, ऐन पंचविशीत, बात्सला वृषणाचा कॅन्सर झाल्याचं निघालं. शस्त्रक्रिया, उपचार, आणि मग पुन्हा मैदान. त्याच काळात तो कविता लिहायला लागला आणि पुढेही लिहीत राहिला. एक गाणंही त्यानं रेकॉर्ड केलं. ड्रेसिंगरूममध्ये त्यावरून चेष्टा झाली नसेल असं मला वाटत नाही. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये तो राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळला, डेन्मार्कविरुद्ध कोपनहेगनमध्ये, आणि फ्रान्स ३-१ नं हरला. पदार्पणात तीन गोल. पुढच्या उन्हाळ्यात तोच युरोपचा विजेता गोलकीपर होता. एकूण पन्नास सामने तो फ्रान्सकडून खेळला.

१९८४ च्या स्पर्धेतली त्याची खरी कामगिरी फायनलमध्ये नव्हती. ती मार्सेलमधल्या सेमीफायनलमध्ये होती, पोर्तुगालविरुद्ध. निकाल ३-२, जादा वेळेत. प्लातिनीनं शेवटून दुसऱ्या मिनिटाला गोल केला म्हणून तो सामना प्लातिनीचा ठरला. पण जोर्दावच्या दुसऱ्या गोलनंतर फ्रान्स १-२ नं मागे होता आणि पोर्तुगाल तिसऱ्यासाठी येत होतं, तेव्हा बात्सनं अडवलेले बॉल नसते तर प्लातिनीला ते मिनिट मिळालंच नसतं. गोलकीपरची कामगिरी अशीच असते. ती दुसऱ्याच्या गोलखाली गाडली जाते.

१९८५ मध्ये तो पॅरिस सेंट जर्मेनला गेला आणि पहिल्याच मोसमात, जेरार उलिये प्रशिक्षक असताना, क्लबनं आपलं पहिलं लीग विजेतेपद मिळवलं. ओसेरमध्ये त्याची जागा ब्रुनो मार्तिनीनं घेतली. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. बात्स खेळायचा थांबला १९९२ मध्ये.

हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्याच उन्हाळ्यात बॅक पासचा नियम बदलला: आपल्या खेळाडूनं पायानं मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. आमच्या धंद्यात याहून मोठा बदल झालेला नाही. त्याआधी गोलकीपर हा मुळात हातांचा माणूस होता. बचावपटू अडचणीत आला की बॉल मागे सरकवायचा आणि गोलकीपरनं तो शांतपणे छातीशी धरायचा. एका नियमानं त्याला पाय वापरणारा अकरावा खेळाडू करून टाकलं. बात्सनं आपली अख्खी कारकीर्द जुन्या नियमात काढली. म्हणजे जो खेळ तो स्वतः कधी खेळला नाही, तो शिकवायची वेळ त्याच्यावर आली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ज्याला फक्त ‘आम्ही असं करायचो’ एवढंच सांगता येतं, त्याची शिदोरी त्या उन्हाळ्यातच संपली. पॅरिसमध्ये बात्सच्या जागी आलेला बर्नार लामा नव्या नियमातच मोठा झाला, आणि बात्स त्याच क्लबच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात होता.

मुख्य प्रशिक्षकपदाचं सांगतो. लुई फर्नांडेस, तोच १९८६ ची शेवटची पेनल्टी मारणारा, १९९४ मध्ये पॅरिसचा प्रशिक्षक झाला आणि १९९६ मध्ये क्लबनं कप विनर्स कप, म्हणजे युरोपातल्या कप-विजेत्या क्लबांची स्पर्धा, जिंकला. तो गेल्यावर जबाबदारी आली ब्राझीलचा माजी कर्णधार रिकार्दो आणि बात्स या जोडीवर. दोन मोसम. पहिल्यात लीगमध्ये दुसरा क्रमांक आणि पुन्हा कप विनर्स कपची फायनल, रोटरडॅममध्ये, बार्सिलोनाविरुद्ध. ती एका पेनल्टीवर गेली. मारणारा होता वीस वर्षांचा रोनाल्डो, आणि पॅरिसच्या पोस्टमध्ये लामा. दुसऱ्या मोसमात लीगमध्ये आठवा क्रमांक, पण फ्रेंच कप आणि लीग कप दोन्ही घरात.

त्या दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत बुखारेस्टमध्ये स्टेआवाविरुद्ध पॅरिसनं निलंबित असलेल्या खेळाडूला खेळवलं. कागद कुणी नीट वाचला नाही. मैदानावर ३-२ असा निसटता पराभव होता, तो युरोपियन फुटबॉलची संघटना यूएफानं ३-० केला. पॅरिसमधल्या परतीच्या सामन्यात यांनी ५-० नं जिंकून फेरी काढली, राईनं तीन गोल केले. स्थानिक लीगमध्ये नोंदणीच्या कागदावरून आम्हीही एकदा गुण गमावलेत, आणि आम्हाला परतीचा सामना नव्हता.

यानंतर १९९८ मध्ये तो शातोरूला गेला, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, यावेळी एकटा मुख्य प्रशिक्षक म्हणून. ते एका मोसमावर आटोपलं. यावर मी फार वेळ घालवणार नाही. दोन कप आणि एक युरोपियन फायनल ज्याच्या नावावर आहे त्याला अपयशी म्हणता येत नाही, आणि मुख्य प्रशिक्षक ही त्याची जागा होती असंही मला वाटत नाही. तुम्ही ‘मागे सरकलेला’ असं लिहिलंत. माझ्या मते तो मागे गेला नाही, आपल्या जागेवर परत आला. फरक आहे.

२००० मध्ये तो ल्यों या फ्रेंच क्लबमध्ये गोलकीपर-कोच म्हणून आला आणि २०१७ पर्यंत तिथेच होता. सतरा वर्षं. या काळातले मुख्य प्रशिक्षक मोजा: सांतिनी, ल गेन, उलिये, पेरँ, प्युएल, गार्द, फुर्निये, जेनेसियो. आठ जण. यातला उलिये म्हणजे पॅरिसमध्ये ज्याच्या हाताखाली बात्स चॅम्पियन झाला तोच. २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षं ल्यों फ्रान्सचं विजेतं होतं, आणि त्या सातांत चार मुख्य प्रशिक्षक बदलले. नवा मुख्य प्रशिक्षक येताना आपली माणसं घेऊन येतो, हा सगळीकडचा रिवाज. त्यात गोलकीपर-कोच टिकला याचा अर्थ एकच निघतो, की ज्यांच्या कामाला हात लावायची कुणाची इच्छा नव्हती त्यांत तो होता.

ल्योंमधला त्याचा पहिला मोठा चेला ग्रेगरी कुपे. कुपे आधीच ल्योंचा गोलकीपर होता, सेंट एतिएनहून आलेला. गुणी, चपळ, डोक्यानं गरम. उंची १.८१ मीटर, म्हणजे आजच्या हिशेबानं गोलकीपरसाठी कमीच. बात्स आल्यानंतरच्या वर्षांत तो फ्रान्समधल्या सर्वोत्तम गोलकीपरांत गणला जायला लागला, राष्ट्रीय संघात आला, आणि त्यानं बात्सचं ऋण उघडपणे मानलं आहे. २००१ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगमध्ये त्यानं जे केलं ते शोधून जरूर बघा. त्याच्याच बचावपटूनं मागे दिलेला बॉल उंच उडाला आणि त्याच्या डोक्यावरून गोलकडे निघाला. बॅक पास आहे, हात लावता येत नाही. कुपे उलट्या पावली धावला आणि त्यानं हेडरनं बॉल बारवर घातला. तो परत आला, समोर बार्सिलोनाचा खेळाडू, त्याचा हेडर गोलकडे, आणि आता मात्र हात चालतात. कुपेनं तो हातानं अडवला. दोन सेकंदांत दोन वेगळे नियम, दोन वेगळी अंगं.

मी हा प्रसंग पोरांना दाखवतो तो उडीसाठी नाही. पहिल्या बॉलला कुपेचे हात वर जात नाहीत, त्यासाठी दाखवतो. जीव वाचवायला हात आपोआप वर जातात, ते माणसाच्या रक्तात आहे. इथे हात लावला असता तर गोलच्या तोंडाशी इनडायरेक्ट फ्री किक मिळाली असती. ती सवय मोडायला किती सकाळी गेल्या असतील याचा अंदाज ज्यानं कधी गोलकीपर शिकवलाय त्यालाच येतो. १९९२ पर्यंत हातांनी खेळलेल्या माणसाच्या शागिर्दानं ते केलं, हे मला विशेष वाटतं.

कुपे गेल्यावर २००८ मध्ये नीसहून ह्यूगो लोरिस आला, एकवीस वर्षांचा. चार मोसम तो ल्योंमध्ये राहिला. २०१० मध्ये रेआल माद्रिदला बाहेर काढून ल्यों चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलपर्यंत गेलं तेव्हा पोस्टमध्ये तो होता. नंतर टॉटनहॅम, फ्रान्सचं कर्णधारपद, २०१८ चा वर्ल्ड कप. त्याच्यानंतर ल्योंच्याच अकादमीत वाढलेला अँथनी लोपेस, पोर्तुगालकडून खेळलेला. तिघं एकमेकांसारखे अजिबात नाहीत. कुपे अंगावर धावून जाणारा, लोरिस शांत आणि रेषेवर विजेसारखा, लोपेस पुढे येऊन धोका पत्करणारा. कोच जर आपलीच नक्कल तयार करत असता तर तिघांत एक तरी साम्य दिसलं असतं. मला दिसत नाही. हीच या माणसाच्या कामाची सगळ्यात मोठी पावती आहे, ट्रॉफ्यांपेक्षाही.

लोरिसचं आणखी एक. मॉस्कोमधल्या २०१८ च्या फायनलमध्ये फ्रान्स ४-१ नं पुढे असताना त्यानं मागे आलेला बॉल पायात ठेवून क्रोएशियाच्या मांझुकिचला चकवायचा प्रयत्न केला, मांझुकिचनं पाय घातला आणि गोल. सगळ्या जगासमोर, फायनलमध्ये, कर्णधार. उरलेली वीस-बावीस मिनिटं लोरिस काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं खेळला आणि मग ट्रॉफी उचलली. तेव्हा तो ल्यों सोडून सहा वर्षं झाली होती, त्यामुळे याचं श्रेय बात्सला देणं ओढूनताणून होईल. पण तो गोल पाहताना मला ब्रेमेची फ्री किक आठवली आणि त्याच्याही आधीचा आर्कोनादा.

कारण गोलकीपर-कोचचं निम्मं काम इथेच असतं. डाइव्ह, ग्रिप, क्रॉसला बाहेर येणं, अँगल कमी करणं हे सगळं शिकवता येतं, आणि आता मोबाईलवर बघून पोरं पाठही करतात. पण रविवारी चूक झालेल्या गोलकीपरला सोमवारी सकाळी काय म्हणायचं, हे कुठल्याही लायसन्स कोर्सच्या वहीत नसतं. मुख्य प्रशिक्षकाला वीस-पंचवीस जण सांभाळायचे असतात, त्याच्याकडे एकट्यासाठी वेळ नसतो. गोलकीपर-कोचकडे तीन किंवा चार पोरं असतात आणि त्यांतला एकच खेळतो. बाकीचे रोज तितकंच अंग झिजवतात आणि रविवारी बाकावर बसतात. ल्योंमध्ये रेमी वेरकूत्र कितीतरी मोसम दुसरा गोलकीपर म्हणून राहिला. अशा माणसाला वर्षानुवर्षं धारदार ठेवणं, आणि त्यानं पहिल्याचा दुस्वास न करता त्याला सरावात बॉल मारत राहणं, हे मला कुपेच्या त्या हेडरइतकंच अवघड वाटतं.

बात्सकडे यासाठी काय होतं? अंदाजानं सांगतो, पण बऱ्याच वर्षांचा अंदाज आहे. पंचविशीत त्यानं खेळ संपतो की काय अशी वेळ पाहिली होती. झिकोची पेनल्टी आणि ब्रेमेची फ्री किक त्यानं एकाच स्टेडियममध्ये चार दिवसांच्या अंतरानं पाहिली होती. आणि तो लिहिणारा माणूस होता. आपल्याला आत काय होतं हे शब्दांत पकडायची त्याला सवय होती. सुरुवातीला मी म्हणालो ते आठवतंय का, हातांना कळतं पण तोंडापर्यंत येत नाही? याच्या बाबतीत ते आलं होतं. कवितेवरून कुणी हसलं असेल तर हसो.

त्याच्या पिढीत तो एकटाच नव्हता. १९८४ आणि १९८६ च्या संघातला राखीव गोलकीपर फिलिप बेर्जेरू १९९८ च्या वर्ल्ड कपला फ्रान्सचा गोलकीपर-कोच होता, तेव्हाचा फ्रान्सचा गोलकीपर बार्तेझ याच्या मागे. नंतर तो पॅरिसचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि पुढे फ्रान्सच्या महिला संघाचाही. बेर्जेरूनंतर राष्ट्रीय संघाच्या गोलकीपरांचं काम दहाएक वर्षं पाहिलं ते ब्रुनो मार्तिनीनं, ओसेरमध्ये बात्सची जागा घेणाऱ्यानं. तो २०२० मध्ये गेला, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. कुपेही खेळ थांबवल्यावर ल्योंमध्येच गोलकीपर-कोच झाला. फ्रान्समध्ये हा धंदा असा हातातून हातात गेलेला आहे, आपल्याकडे तालमीत वस्तादाकडून जातो तसा. आपल्याकडे गोलकीपर मात्र अजूनही मुख्य कोचनं पाच मिनिटं वेळ काढून तयार करायचा असतो.

ल्योंनंतर २०१७ च्या अखेरीस बात्स रेमी गार्दबरोबर कॅनडात, माँट्रियलला गेला आणि २०१९ मध्ये ते काम संपलं. तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती.

तुमच्या प्रश्नामागे ‘मी खेळणं थांबवल्यावर हे करू शकेन का’ असा प्रश्न दडलेला असेल, तर एक करून बघा. तुमच्या हातून सुटलेला सगळ्यात वाईट बॉल आठवा आणि तो का सुटला हे बारा वर्षांच्या पोराला कळेल असं पाच वाक्यांत लिहून काढा. ‘लक्ष नव्हतं’ हे उत्तर धरायचं नाही. पाय कुठे होता, वजन कुठल्या टाचेवर होतं, बॉल येण्याआधी तुम्ही कुठे बघत होता, ते लिहा. माझ्याकडे गोलकीपिंग शिकवायची इच्छा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला लावतो. बहुतेक जण दुसऱ्या वाक्यावर अडतात आणि मैदान ओलं होतं म्हणून सांगतात.